टायर फुटल्याची शंका आली, तरी विमान थांबवलं का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचे आई-वडील गेल्या महिन्यात पुण्याहून दिल्लीला निघाले होते. विमान रनवेवर भरधाव पळत असताना डावीकडून ‘धाड’ असा आवाज आला, खुर्च्या थरथरल्या, तरी पायलटने विमान उचललंच. मग पुण्याला परत न येता समुद्रावर पावणेदोन तास घिरट्या घातल्या आणि मुंबईत उतरवलं. उतरल्यावर चहूबाजूंनी अग्निशमन दलाच्या गाड्या, तरी प्रवाशांना पंचवीस मिनिटं आतच बसवून ठेवलं. आईंनी आवाजाबद्दल एअर होस्टेसला सांगितलं, तर ती नुसती मान हलवून निघून गेली. थोड्या वेळाने परत येऊन मात्र तिने दोन-चार प्रश्न विचारले. तुम्ही लिहिलंय, ‘हा निष्काळजीपणा नाही का? थांबायला काय झालं होतं?’ आणि वडील आता विमानात बसायलाच तयार नाहीत.

मी २६ वर्षं प्रवासी विमानं उडवली, आधी बोइंग ७३७ आणि नंतर एअरबस ए३२०. त्या दिवशी त्या कॉकपिटमध्ये मी नव्हतो, त्यामुळे तिथे नेमकं काय बोललं गेलं ते सांगू शकत नाही. पण तुम्ही ज्या क्रमाने गोष्टी सांगितल्या आहेत तो मला चांगलाच ओळखीचा आहे. आम्हाला शिकवला जातो तो हाच.

सगळ्यात आधी, का थांबले नाहीत. याचं उत्तर एका आकड्यावर अवलंबून असतं: आवाज आला तेव्हा विमानाचा वेग किती होता.

प्रत्येक उड्डाणाआधी आम्ही एक वेग काढतो, त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. वजन, तापमान, वारा, रनवेची लांबी हे सगळं धरून तो येतो. या वेगापर्यंत थांबायचं ठरवलं तर उरलेल्या रनवेत थांबता येतं. त्यापुढे थांबायचं नाही, उडायचं. भरलेल्या ए३२० साठी व्ही-वन १४० नॉटच्या आसपास असतो, म्हणजे ताशी साधारण २६० किलोमीटर. या वेगाला विमान दर सेकंदाला ७० मीटरहून जास्त रनवे खातं. पुण्याचा रनवे २,५३५ मीटरचा. मनात ‘काय झालं असेल?’ हा प्रश्न पुरता उमटेपर्यंत दोन-अडीचशे मीटर संपलेले असतात.

आता खरी मेख. व्ही-वनचा हिशोब ब्रेक धडधाकट आहेत असं धरून केलेला असतो. ए३२० च्या मुख्य, म्हणजे पंखांखालच्या, चाकांची संख्या चार, ब्रेकही चार. एक टायर फुटला की त्या चाकाचा ब्रेक जवळजवळ निकामी, म्हणजे थांबवण्याच्या ताकदीतला पाव हिस्सा गेला. फुटलेल्या रबराचे तुकडे हायड्रॉलिकच्या (द्रवाच्या दाबाने ब्रेक, चाकं हलवणाऱ्या यंत्रणेच्या) नळीला किंवा वायरींना लागले असतील तर आणखी काय गेलं हे त्या क्षणी कळायला मार्ग नाही. म्हणजे ज्या हिशोबावर थांबायचं, तोच हिशोब त्या आवाजासरशी मोडलेला असतो. उलट उडायला टायर लागत नाही. इंजिनं चालू आहेत, पंख शाबूत आहेत, काही सेकंदांत चाकं जमीन सोडणारच आहेत.

म्हणून ए३२० वर शिकवण अशी: १०० नॉटच्या आत काहीही विचित्र वाटलं तर थांबा. त्यापुढे थांबायचं ते इंजिन बंद पडलं, आग लागली, विमान उडण्याजोगं राहिलं नाही, अशाच कारणांसाठी. टायरबद्दल तर एअरबसचं मार्गदर्शन स्वतंत्रपणे सांगतं की व्ही-वनच्या आधीच्या शेवटच्या २० नॉटमध्ये टायर गेला आणि इंजिनाचे आकडे स्थिर असतील, तर उडणं जास्त बरं. वर जाऊन इंधन कमी करा आणि मग अख्खा रनवे हाताशी ठेवून उतरा. हे अनुभवातून आलंय. उड्डाण अर्ध्यात सोडल्यामुळे रनवेबाहेर गेलेल्या विमानांचा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्यातल्या सुमारे पाव घटनांची सुरुवात चाकाच्या किंवा टायरच्या बिघाडाने झाली होती, आणि निम्म्याहून जास्त वेळा थांबण्याचा निर्णय व्ही-वन उलटून गेल्यावर घेतलेला होता.

दोन अपघात मी नव्या को-पायलटांना नेहमी जोडीने सांगत आलो. १९ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत साउथ कॅरोलिनामधल्या कोलंबिया विमानतळावर एका लिअरजेटचे, म्हणजे छोट्या खासगी जेट विमानाचे, टायर उड्डाणाच्या धावेत फुटले. व्ही-वन उलटून गेला होता, तरी कॅप्टनने थांबायचा निर्णय घेतला. टायरच्या तुकड्यांनी यंत्रणेचं नुकसान केलं होतं, त्यामुळे रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे विमान रोखणारा इंजिनांचा उलटा जोर, लागण्याऐवजी इंजिनं विमानाला पुढेच ढकलत राहिली. विमान रनवेबाहेर गेलं, पेटलं, सहापैकी चार जण गेले.

दुसरा त्याच्या उलट. ११ जुलै १९९१, जेद्दाह. हज यात्रेकरूंना घेऊन नायजेरियाला निघालेलं डीसी-८ प्रवासी विमान. धाव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, वेग अजून कमी असताना, चालकांना विचित्र आवाज आणि थरथर जाणवली. टायर बसला असावा का, असं बोलणंही झालं. तिथे थांबता आलं असतं. ते उडाले. चाकाची रिम रनवेवर घासून पेटली होती आणि ते पेटतं चाक त्यांनी नकळत पोटात ओढून घेतलं. कॉकपिटमध्ये केबिनच्या हवेचा दाब, मग हायड्रॉलिक, असे एकामागून एक वेगवेगळेच इशारे येऊ लागले. परत फिरून रनवेच्या जवळ पोहोचत असताना विमान कोसळलं. २६१ माणसं होती, एकही वाचलं नाही.

लक्षणं सारखीच: आवाज आणि थरथर. जेद्दाहला थांबायला हवं होतं, कोलंबियात उडायला. तुमच्या वडिलांना हे जरूर सांगा.

या दोन्ही अपघातांचं मूळ मात्र एकच होतं आणि ते माझ्या मनाला लागतं. टायरमध्ये दाब कमी होता. लिअरजेटचे टायर सुमारे तीन आठवडे तपासलेलेच नव्हते. जेद्दाहला दाब कमी असल्याचं मेकॅनिकना ठाऊक होतं. नायट्रोजन मिळवून भरायला वेळ गेला असता, विमानाला उशीर झाला असता, म्हणून ते राहून गेलं. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतात, विमानाच्या मुख्य टायरमध्ये २०० च्या घरात. जोडीने बसवलेल्या दोन टायरपैकी एकातला दाब उतरला तर शेजारचा टायर त्याचं ओझं उचलतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. लाथ मारून, हात लावून, वाकून बघून काही कळत नाही. दाब मोजायचा गेजच लावावा लागतो, तोही टायर थंड असताना. म्हणूनच दाब १० टक्क्यांहून जास्त उतरलेला सापडला तर टायर काढून टाकतात, आणि २० टक्क्यांहून जास्त असेल तर त्याच्या जोडीदारालाही काढतात, कारण जोडीदाराने किती सोसलंय हे डोळ्यांना दिसत नाही. माझ्या नोकरीतल्या सगळ्या पहाटे आठवतात तेव्हा कॉकपिटपेक्षाही मला तो हातात गेज घेऊन चाकापाशी उकिडवा बसलेला तंत्रज्ञ आठवतो.

नायट्रोजन का, हेही सांगतो. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत एका बोइंग ७२७ च्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी, म्हणजे ऑक्सिजन असलेली, हवा भरलेली होती. ब्रेक तापलेला, चाक आत घेतलेलं, आणि वर गेल्यावर टायरचा स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

आता वर गेल्यानंतरचं. इथे पुस्तकापेक्षा माझी स्वतःची एक रात्र सांगतो.

मी तेव्हा ७३७ वर को-पायलट होतो. मे महिना, नागपूर, रात्रीचे नऊ वाजून गेलेले तरी रनवेतून वाफा निघाव्यात असा उकाडा. १२५ नॉटच्या पुढे असताना उजवीकडून धक्का बसला आणि पावलांना थरथर जाणवू लागली. माझ्या तोंडून ‘टायर’ एवढंच निघालं. कॅप्टन म्हणाले, “जायचं.” पुढच्या एक-दोन सेकंदांत मी व्ही-वन पुकारला आणि त्यांनी थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावरचा, हात काढून घेतला. ही आमची रीतच आहे: व्ही-वनला हात काढायचा, म्हणजे घाबरून मागे ओढण्याचा मोहच उरत नाही. विमान उचललं. मी सवयीने चाकं आत घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, “राहू दे. आधी काय तुटलंय ते बघू.”

चाकं आत घ्यायची की बाहेर ठेवायची, हा कठीण निर्णय आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येऊ शकतं. फुटलेल्या टायरची लोंबणारी पट्टी चाक फिरत असताना चाबकासारखी आपटते, आणि चाकांच्या खोबणीत हायड्रॉलिकच्या नळ्या असतात. ७३७ मध्ये यासाठी खोबणीच्या तोंडाशी एक मुद्दाम तुटणारा भाग बसवलेला आहे. लोंबती पट्टी त्याला लागली की तो तुटतो आणि ते चाक आत जायचं थांबून खाली येतं. आग असेल तर चाक आत घेणं म्हणजे जेद्दाह. पण चाकं बाहेर ठेवली की विमान जड चढतं, इंधन भराभर जळतं, आणि अशातच एखादं इंजिन गेलं तर चाकं आत घ्यावीच लागतात. माझं मत त्या रात्रीपासून पक्कं आहे: दोन्ही इंजिनं ठीक आहेत, समोर डोंगर नाही, तर काही मिनिटं चाकं बाहेर असू द्यावीत. पुण्याभोवती टेकड्या आहेत. तिथे कोणी आत घेतली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

मग आम्ही टॉवरला सांगितलं की टायर गेल्याची शंका आहे, रनवे तपासा. यात स्वतःची काळजी असतेच, पण मागून येणाऱ्याची जास्त. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये आधी उडालेल्या एका डीसी-१० ची जेमतेम ४३ सेंटिमीटर लांबीची धातूची पट्टी रनवेवर पडून राहिली होती. काही मिनिटांनी काँकॉर्डचा टायर तिच्यावरून गेला आणि फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे चार जण गेले. नागपूरला जीप फिरून आली आणि दहा मिनिटांत टॉवरने सांगितलं: रबराचे मोठे तुकडे सापडले, धातूचं काही नाही. ही माहिती कॉकपिटमधल्या कुठल्याही काट्यापेक्षा मोलाची होती. बऱ्याच विमानांत टायरचा दाब कॉकपिटमध्ये दिसतच नाही. १२ सप्टेंबर २०२५ ला कांडल्याहून मुंबईला निघालेल्या क्यू४०० विमानाचं चाक निखळलं, तेव्हाही विमानातून काहीतरी काळं पडताना टॉवरनेच पाहिलं होतं. ते विमान पाऊणशे प्रवाशांसह मुंबईला येऊन नीट उतरलं.

टायर गेल्याची शंका आली की आम्ही एकच शोध घेतो: त्या टायरने जाता जाता आणखी काय मोडलं? हायड्रॉलिकची पातळी उतरतेय का, इंजिनात कंप आहे का, फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या, दोन्ही बाजूंना सारखे हलतात का, ब्रेकचं तापमान चढतंय का, चाकाच्या खोबणीत आगीचा इशारा आहे का. यातलं काही नसेल तर आमच्याकडे वेळ असतो. आग किंवा धूर असेल तर नसतो. मग वजन-बिजन न बघता जवळच्या रनवेवर तडक उतरायचं.

तुमच्या आई-वडिलांच्या पावणेदोन तासांचं उत्तर इथे आहे. दिल्लीपर्यंतचं इंधन भरलेलं विमान ७० टनांच्या आसपास असणार. ए३२० ची उतरण्याची मर्यादा प्रकारानुसार ६६ टनांच्या आसपास. मोठ्या विमानांसारखं हवेतच इंधन सोडून देण्याची सोय ए३२० मध्ये नसते, ते जाळावंच लागतं. तासाला दोन-अडीच टन धरा आणि हिशोब करून बघा. गरज पडली तर जास्त वजनाने उतरता येतं, पण ज्या विमानाचा एक ब्रेक गेलाय आणि शेजारच्या टायरवर दुप्पट भार येणार आहे, ते जेवढं हलकं आणि जेवढं हळू उतरेल तेवढं चांगलं. तुम्हाला त्या घिरट्या म्हणजे गोंधळ वाटला. ते थांबणं होतं, आणि आग नाही याची खात्री झाल्याशिवाय कोणी असं थांबत नाही.

आणि पुणे सोडून मुंबई का, तर मुंबईचा मुख्य रनवे जवळपास साडेतीन किलोमीटरचा, पुण्याचा अडीच. शिवाय विमानतळ समुद्रसपाटीला, अग्निशमन दल मोठं. ६ मे २०२१ ला नागपूरहून रुग्णाला घेऊन निघालेल्या एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं चाक उडतानाच निखळलं, तीही मुंबईलाच आणली गेली. रनवेवर फेस पसरून तिथे ती पोटावर उतरवली आणि रुग्णासह सगळे सुखरूप बाहेर आले. असं एखादं विमान रनवेवर अडकलं की मुंबईसारख्या ठिकाणी शेकडो उड्डाणांची वाट लागते. तरीही हा विचार पायलटने मनात आणायचा नसतो, आणि कंट्रोलरनेही मला कधी तो आणून दिला नाही.

उतरण्याबद्दल नागपूरचंच सांगतो. कॅप्टननी सगळं आधी बोलून घेतलं: रनवेच्या मधल्या रेषेवर उतरायचं, ऑटोब्रेक, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक, लावायचा नाही, रिव्हर्स पूर्ण, नाक हळूच टेकवायचं. ऑटोब्रेक का नाही, हे मला पुस्तकातून पाठ होतं, पण त्या रात्री पायांना कळलं. मुख्य चाकाचा टायर गेलेला असला की विमान आधी त्याच बाजूला ओढतं, कारण ती रिम घासत असते. पण ब्रेक जोरात दाबला की ओढ उलटते! चांगल्या बाजूची चाकं जास्त धरतात आणि विमान तिकडे वळू बघतं. एकाच धावेत दोन दिशांची ओढ, आणि ती सांभाळायची दोन पायांनी, वेगवेगळा दाब देत. कॅप्टननी हे काम करताना तोंडातून शब्द काढला नाही. मी फक्त वेग पुकारत होतो.

थांबल्यावर मी पुन्हा सवयीने फ्लॅप आत घ्यायला गेलो, पुन्हा त्यांनी हात धरला. खाली उतरून पाहिलं तर रबराचा एक फटका उजव्या फ्लॅपला बसून पत्रा आत वळला होता. हलवला असता तर तो कदाचित अडकलाच असता.

पंचवीस मिनिटं बसवून ठेवण्याबद्दल तुमचा राग मी समजू शकतो. बाहेर लाल दिवे फिरताहेत आणि आत ‘कृपया बसून राहा’ ऐकायचं, यात कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण गाड्या आल्या त्या आग लागली म्हणून आल्या नव्हत्या. ‘फुल इमर्जन्सी’ जाहीर झाली की त्या विमान उतरण्याआधीच जागेवर उभ्या राहतात. उतरल्यावर त्यांचा प्रमुख चाकं बघतो आणि थेट कॉकपिटशी बोलतो: धूर आहे का, ज्वाळा आहेत का, ब्रेक किती तापलेत. तापलेल्या चाकाच्या बाजूने कोणी जायचं नसतं, पुढून किंवा मागूनच, कारण रिम फुटली तर तुकडे बाजूला उडतात. टायर तापून फुटू नये म्हणून चाकात वितळणारी बुचं बसवलेली असतात, ती ठरावीक तापमानाला हवा सोडून देतात. तरीही चाकांना निवायला वेळ द्यावा लागतो. घसरगुंड्या उघडून बाहेर काढलं असतं तर एका मजल्यावरून घसरत तुमचे आई-वडील त्याच तापलेल्या चाकांच्या आसपास उतरले असते. घसरगुंडीवर घोटे आणि मनगटं मोडतात, वयस्कर माणसांची तर हमखास. आग असती तर दीड मिनिटात सगळे बाहेर असते, दुखापतीची पर्वा न करता. नसताना शिडी येईपर्यंत बसवणं हाच बरोबर निर्णय.

कप्तानाने घोषणा उशिरा केली, ही तुमची तक्रार मात्र मला पटते. पहिली दहा-पंधरा मिनिटं दोघांचेही हात भरलेले असतात हे खरं, पण त्यानंतर दोन वाक्यं बोलता येतात, आणि मी स्वतः ती बोलत आलो. मागे बसलेल्यांनाही आवाज ऐकू आलेला असतो. शांतता त्यांना जास्त घाबरवते.

राहिली तुमची आई आणि ती मान हलवून गेलेली मुलगी. विमान चढत असताना केबिन क्रू कॉकपिटला उगाच फोन करत नाहीत, पण असं काही कळलं की योग्य वेळ येताच करतात. मग कॉकपिट त्यांना चार गोष्टी सांगतं: काय झालंय, आम्ही काय करणार आहोत, किती वेळ आहे, आणि तुम्ही काय तयारी करायची. ती परत आली तेव्हा तिने आईंना विचारलं होतं, आवाज पायाखालून आला की मागून, एकदाच आला की नंतरही काही आपटत होतं. हे प्रश्न तिचे नसावेत, कॅप्टनचे असावेत. पुढचं चाक गेलंय की मुख्य, डावं की उजवं, हे कळलं नाही तर दोन्ही शंका धरून उतरावं लागतं. आईंची जागा पंखाच्या थोडी मागे, डाव्या खिडकीला, आवाज पायाखालून आणि एकदाच. नाकाकडचं चाक ठीक असावं, डाव्या मुख्य चाकाचा टायर गेला असावा, नंतर काही आपटत नाही. उतरताना कुठल्या पायावर ओढ येणार, हे कॅप्टनला बहुधा त्यांच्याचमुळे आधी कळलं असेल.